लाइट गेल्याने झालेले नुकसान आणि घराचा विमा

वीजपुरवठा खंडित होणे ही घटना भारतातल्या घराच्या विम्यात जोखीम म्हणून नोंदलेली नसते. आग, आकाशातली वीज कोसळणे, भूकंप, चक्रीवादळ, पूर, दरड यांची नावे पॉलिसीत स्पष्ट लिहिलेली असतात, पण ‘लाइट जाणे’ त्या यादीत सापडत नाही. त्यामुळे ‘लाइट गेली म्हणून नुकसान झाले’ एवढ्या एका वाक्यावर भरपाई मिळत नाही. गंमत अशी की, तेवढ्याच वाक्यावर ती नाकारताही येत नाही. लाइट कशामुळे गेली, गेल्यावर किंवा परत आल्यावर घरात काय घडले आणि प्रत्यक्ष खराब झाली ती वस्तू कोणती, हे क्रमाने पाहिल्यावरच दाव्याचा निकाल लागतो. घरमालक बहुधा या क्रमातला शेवटचा दुवा, म्हणजे बंद पडलेला टीव्ही किंवा जळालेली मोटार, तेवढाच सांगतात. अनेक दावे तिथेच कमकुवत होतात.

घराच्या विम्याचा सध्याचा पाया ‘भारत गृह रक्षा’ ही पॉलिसी आहे. ‘आयआरडीएआय’ या विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून आगविम्याचा व्यवसाय करणाऱ्या सामान्य विमा कंपन्यांना ती एकसारख्या अटींवर विकायला लावली. त्याआधी घरांनाही कारखान्यांच्याच धर्तीची आगविमा पॉलिसी मिळत असे. नव्या पॉलिसीत इमारतीचा विमा उतरवला की घरातल्या सर्वसाधारण सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळते. बांधकामाची विमा रक्कम ३० लाख असेल तर फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन, फर्निचर अशा सामानासाठी ६ लाख रुपये वेगळे न मागता लागू होतात. सामान त्याहून मोलाचे असेल तर ते जाहीर करून रक्कम वाढवता येते. भाडेकरूला फक्त सामानाचा विमाही घेता येतो. गृहकर्जाबरोबर घेतलेली पॉलिसी अनेक घरांत कपाटातच पडून असते. तिच्यात सामान धरले आहे की नाही, हे लाइटचा प्रश्न उभा राहण्याआधीच पाहून ठेवायला हवे.

लाइट नसते तेव्हा उपकरणांचे फारसे काही बिघडत नाही. बिघडते ते ती जाता-येता आणि परत येताना. फ्रिज किंवा एसीचा कॉम्प्रेसर बंद पडून लगेच पुन्हा सुरू होऊ लागला, तर आतल्या दाबाविरुद्ध त्याला जोर लावावा लागतो आणि तो नेहमीच्या कितीतरी पट विद्युतप्रवाह खेचतो. म्हणून चांगल्या स्टॅबिलायझरमध्ये काही मिनिटे थांबून मगच पुरवठा सोडण्याची सोय असते. व्होल्टेज कमी असेल तर पंपाची मोटार जास्त प्रवाह घेऊन तापते आणि तिचे वाइंडिंग जळते. उन्हाळ्यात ग्रामीण भागात बोअरवेलच्या मोटारी अशाच जातात. सगळ्यात वाईट प्रकार न्यूट्रल तुटण्याचा. डीपीपासून, म्हणजे वस्तीतल्या ट्रान्सफॉर्मरपासून, तीन फेज आणि एक न्यूट्रल निघतात, आणि घराला एक फेज आणि न्यूट्रल यांच्यामधले २३० व्होल्ट मिळतात. वादळात किंवा सैल जोडामुळे न्यूट्रल सुटला की वेगवेगळ्या फेजवरच्या घरांमध्ये व्होल्टेजची वाटणी बिघडते. कोणाकडे दिवे मंद होतात, तर कोणाकडे ते जवळजवळ ४०० व्होल्टपर्यंत चढते. त्या काही सेकंदांत एका आळीतले टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, एलईडी बल्ब आणि मोबाइलचे चार्जर एकदम जातात. ११ केव्हीची तार खालच्या लघुदाब तारेवर पडली तर नुकसान याहून भयंकर होते, आणि तिथे माणसाच्या जिवालाही धोका असतो.

नेमक्या याच नुकसानीला ‘भारत गृह रक्षा’च्या अपवादांनी वगळले आहे. प्रमाणाबाहेर चालणे, अतिरिक्त दाब, शॉर्टसर्किट, ठिणग्या उडणे, आपोआप तापणे किंवा वीजगळती यांमुळे एखादे विद्युत उपकरण बिघडले तर त्या उपकरणाची भरपाई मिळत नाही, मग मूळ कारण कोणतेही असो. हे कलम वाचून बरेच लोक पॉलिसी मिटवून ठेवतात. त्यांनी पुढचे वाक्यही वाचायला हवे. हा अपवाद फक्त त्या विशिष्ट उपकरणाला लागू आहे. स्टॅबिलायझरमध्ये शॉर्टसर्किट होऊन आग लागली, पडदे पेटले, सोफा जळला आणि भिंतीचा गिलावा निखळला, तर स्टॅबिलायझरचे पैसे मिळणार नाहीत. पडदे, सोफा आणि भिंत यांचे मिळायला हवेत, कारण त्यांचे नुकसान आगीने झाले आहे आणि आग ही विम्यात धरलेली जोखीम आहे. शेजारचा टीव्ही त्या आगीत भाजला असेल तर त्याचाही दावा उभा राहतो. विद्युत उपकरण आहे एवढ्यावरून तो वगळला जात नाही.

या कलमातला सगळ्यात गैरसमजाचा भाग आकाशातल्या विजेचा आहे. मराठवाडा आणि विदर्भात एप्रिल ते जूनच्या दरम्यान वळवाच्या पावसात विजा कोसळतात. वीज कोसळणे ही पॉलिसीत धरलेली जोखीम आहे, आणि घरावर वीज पडून स्लॅबला तडा गेला किंवा छप्पर पेटले तर भरपाई मिळते. पण वीज दूर कुठेतरी तारांवर पडली, तिचा झटका तारांतून घरात आला आणि आग न लागता फक्त टीव्हीचा बोर्ड जळाला, तर तोच अपवाद आड येतो. कलमात ‘विजेचा आघात धरून’ असे शब्द मुद्दाम घातलेले आहेत. एकाच पॉलिसीत वीज धरलीही आहे आणि वगळलीही आहे, असे हे आहे. सामान्य घरमालकाला हे अन्यायाचे वाटते, आणि त्याच्या जागी उभे राहून पाहिले तर वाटणे स्वाभाविक आहे. विमा कंपन्यांची बाजू अशी की, व्होल्टेजमुळे झालेला बिघाड आणि जुनेपणामुळे झालेला बिघाड यांतला फरक जळालेल्या बोर्डाकडे पाहून बहुधा सांगता येत नाही, म्हणून अशी जोखीम मूळ हप्त्यात धरलेली नसते. ही बाजू खरी असली, तरी पॉलिसी विकताना ती ग्राहकाला स्वच्छ मराठीत सांगितली गेली पाहिजे, आणि ते फारच कमी ठिकाणी होते.

लाइट जाण्याशी जोडलेले काही नुकसान मात्र मूळ पॉलिसीतच बसते, आणि त्याचा दावा करायचे लोकांच्या लक्षातही येत नाही. सकाळी पाण्याची मोटार चालू असताना लाइट जाते, बटण तसेच राहते, घर बंद करून माणसे बाहेर पडतात. दुपारी लाइट येते, मोटार सुरू होते, गच्चीवरची टाकी भरून वाहू लागते आणि जिन्यातून पाणी घरात शिरून गाद्या आणि लाकडी कपाटे भिजवते. पाण्याच्या टाक्या, नळ आणि पाइप फुटणे किंवा भरून वाहणे ही ‘भारत गृह रक्षा’त नाव घेऊन लिहिलेली जोखीम आहे. सुरुवात लाइट जाण्याने झाली म्हणून ती नाहीशी होत नाही. अंधारात लावलेली मेणबत्ती पडून आग लागली तर तो आगीचाच दावा आहे. विमाधारकाने जाणूनबुजून केलेले कृत्य पॉलिसी वगळते. घाईत झालेली चूक आणि जाणूनबुजून केलेले कृत्य या वेगळ्या गोष्टी आहेत. इन्व्हर्टरची बॅटरी फुटून खोलीचे नुकसान झाले तर स्फोट ही जोखीम धरलेली आहे. प्रश्न उरतो तो इन्व्हर्टरच्या स्वतःच्या किमतीचा.

कारणांची ही साखळी कशी पाहायची, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने एका गोमंतकीय प्रकरणात दिले आहे. गोव्यातल्या झुआरीनगर येथील झुआरी इंडस्ट्रीजच्या खत कारखान्यात ८ जानेवारी १९९९ रोजी दुपारी मुख्य स्विचबोर्डमध्ये शॉर्टसर्किट झाले. त्यातून ज्वाळेचा भडका उडाला, पॅनेलवरचा रंग करपला आणि धूर-काजळी जनरेटरच्या कप्प्यात जाऊन तिथेही शॉर्टसर्किट झाले. बाहेरची वीज आणि जनरेटर दोन्ही बंद पडले. वीज नाही म्हणून बॉयलरला पाणी नाही, आणि तापलेले वायू मात्र आत येतच राहिले. शेवटी नुकसान झाले ते बॉयलरचे. विमा कंपनीचे म्हणणे होते की, बॉयलर आगीने बिघडलेला नाही, तो वीज आणि पाणी थांबल्याने बिघडला, आणि आग म्हणावी इतका वेळ काही जळलेही नाही. १ सप्टेंबर २००९ रोजी न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले. आग क्षणभर टिकली तरी ती आगच, आणि निकटचे कारण म्हणजे वेळेने सर्वांत शेवटचे कारण नव्हे. ज्या कारणाने घटनांची मालिका सुरू केली आणि मध्ये दुसरे कोणतेही स्वतंत्र कारण न येता ती शेवटपर्यंत नेली, ते निकटचे कारण होय, असे न्यायालयाने धरले. वाद कारखान्याच्या आगविम्याचा होता. तरी निकटच्या कारणाचे तत्त्व सगळ्याच मालमत्ता विम्याला सारखे लागू असल्याने घराच्या दाव्यातही या निकालाचा आधार घेता येतो. मात्र त्या प्रकरणात आग विमा उतरवलेल्या जागेतच लागली होती आणि बॉयलरपर्यंतचा प्रत्येक दुवा तपासून सिद्ध झाला होता, हे विसरता येत नाही.

कोकणातल्या चक्रीवादळांना हे तत्त्व लावून पाहिले की सीमारेषा दिसू लागते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, मुरुड, दापोली, मंडणगड भागात विजेचे खांब आडवे झाले आणि अनेक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. वादळाने कौले उडून पावसाचे पाणी टीव्हीवर आणि फ्रिजवर पडले असेल तर ते वादळाचे थेट नुकसान आहे. अंगणातले झाड तारेसकट छपरावर कोसळले असेल तर वादळ आणि बाहेरच्या वस्तूचा आघात, दोन्ही जोखमी पॉलिसीत आहेत. वादळानंतर घर उघडे पडले म्हणून सात दिवसांच्या आत झालेली चोरीही धरलेली आहे, आणि पुढच्या काळात हा मुद्दा अंधाऱ्या गावांना महत्त्वाचा ठरतो. पण घराला खरचटलेही नाही, खांब दहा किलोमीटरवर पडले, आणि वीस दिवस लाइट नसल्याने फ्रीझरमधले सगळे कुजले, तर ते अप्रत्यक्ष नुकसान ठरते. उत्पन्न बुडणे, विलंबाचा तोटा आणि इतर अप्रत्यक्ष हानी पॉलिसी वगळते. इन्व्हर्टरची भाड्याने आणलेली बॅटरी, जनरेटरचे डिझेल, हॉटेलात काढलेल्या रात्री हा खर्चही निव्वळ लाइट नाही म्हणून मिळत नाही. पर्यायी घराचे भाडे मिळते ते विम्यात धरलेल्या जोखमीने घर राहण्याजोगे उरले नाही तेव्हा.

फ्रिजमधल्या अन्नाचा प्रश्न वेगळा पाहायला हवा, कारण दार न उघडल्यास फ्रिजमधले पदार्थ साधारण चार तासांनंतर आणि भरलेल्या डीप फ्रीझरमधले सुमारे दोन दिवसांनंतर धोक्यात येतात. मधुमेही माणसाच्या घरात तर इन्सुलिनही त्याच फ्रिजमध्ये असते. मूळ पॉलिसीत याची तरतूद नाही. कोल्ड स्टोरेजवाल्यांसाठी साठा खराब होण्याचा स्वतंत्र विमा मिळतो, पण तो व्यवसायासाठी आहे आणि यंत्राच्या विम्याला जोडून दिला जातो. देवगड-रत्नागिरीकडे घरच्या डीप फ्रीझरमध्ये आंब्याचा रस साठवून विकणाऱ्या बायकांनी हे नीट ध्यानात घ्यायला हवे. तो रस घरात असला तरी विक्रीचा माल आहे, आणि घराच्या विम्यातल्या सामानात तो मोडत नाही. लहान व्यवसायांसाठीची ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी त्यांच्या कामाची. मात्र तिच्यातही लाइट जाऊन माल नासण्याचे संरक्षण वेगळे मागून, लेखी घ्यावे लागते.

अमेरिकेत हीच रेषा घराच्या कुंपणावर आखलेली आहे. तिथल्या प्रचलित घर-विम्यात पुरवठा घराच्या आवाराबाहेर खंडित झाला तर निव्वळ त्यामुळे झालेले नुकसान वगळलेले असते. त्यातून घरात धरलेली जोखीम उद्भवली तर तिच्यापुरती भरपाई मिळते. २०१२ च्या ऑक्टोबरात ‘सँडी’ वादळाने न्यू जर्सी अंधारात गेले आणि २०२१ च्या फेब्रुवारीत गोठलेल्या टेक्ससमध्ये लाखो घरांची वीज गेली. दोन्ही राज्यांत मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. टेक्ससमध्ये पाइप गोठून फुटले, त्या पाण्याच्या नुकसानीचे दावे या अपवादातून वाट काढून उभे राहू शकले. फ्रिजमधल्या अन्नासाठी तिथे थोड्या जादा हप्त्यात जोडकलम मिळते, सहसा ५०० डॉलरच्या मर्यादेचे. भारतातल्या घरगुती विम्यात एवढी साधी सोय सर्रास नसावी, ही खरोखरच मोठी उणीव आहे.

व्होल्टेजने जाणाऱ्या उपकरणांसाठी भारतात उपाय आहे, पण तो वेगळा विकत घ्यावा लागतो. अनेक कंपन्यांच्या ‘हाउसहोल्डर’ पॅकेज पॉलिसीत घरगुती उपकरणांच्या यांत्रिक व विद्युत बिघाडाचा विभाग असतो. त्यात प्रत्येक उपकरणाचे नाव, मॉडेल, खरेदीचे वर्ष आणि किंमत लिहून द्यायची असते. उपकरण ठरावीक वर्षांहून जुने असेल तर बहुधा घेतले जात नाही. झीज, गंज आणि वॉरंटीत बसणारे दोष वगळलेले असतात, आणि वयानुसार घसारा कापला जातो. या विभागात एक वाक्य मुद्दाम शोधावे. इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या काही विमा-अटींत गॅस, पाणी किंवा वीज यांचा पुरवठा खंडित झाल्याने होणारे नुकसान वगळलेले असते. ते वाक्य तिथे असेल तर ज्या कारणासाठी जादा हप्ता भरायचा, तेच कारण बाहेर राहते. एजंटला फोनवर विचारण्यापेक्षा ‘व्होल्टेज वाढल्याने टीव्ही जळाला तर या विभागात भरपाई आहे का’ असा प्रश्न कंपनीला ई-मेलने विचारून लेखी उत्तर जपून ठेवणे अधिक शहाणपणाचे.

घरातली उपकरणे वाचवण्याचे काम कोणतीही पॉलिसी करत नाही. एमसीबी जास्त प्रवाहापासून वाचवतो, गळती ओळखणारा आरसीसीबी माणसाला वाचवतो, पण वाढलेल्या व्होल्टेजपासून या दोन्हींचा उपयोग नाही. त्यासाठी मुख्य बोर्डात सर्ज रोखणारे उपकरण आणि व्होल्टेज मर्यादेबाहेर गेल्यास पुरवठा तोडणारा कटऑफ बसवावा लागतो, आणि अर्थिंग धड असावे लागते. लाइट गेली की टीव्ही, फ्रिज आणि एसीचे प्लग काढून, ती परत येऊन स्थिर झाल्यावर काही मिनिटांनी लावणे, ही जुनी सवय आजही तितकीच उपयोगी आहे.

नुकसान झालेच तर पहिले काम दुरुस्तीचे नाही, नोंदीचे आहे. १९१२ या क्रमांकावर वीज कंपनीकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक आणि वेळ लिहून ठेवावी, कारण लाइट कधी गेली आणि कधी आली याचा तोच पहिला पुरावा. विमा कंपनीला लगेच कळवावे, जागेचे फोटो हलवाहलव करण्याआधी काढावेत आणि जळालेला भाग भंगारात देऊ नये. वादळ किंवा पूर असेल तर तलाठ्याचा पंचनामा आणि हवामान खात्याची त्या दिवसाची नोंद उपयोगी पडते. सर्व्हिस सेंटरचा माणूस सवयीने ‘व्होल्टेजमुळे बिघाड’ असा एका ओळीचा शेरा मारतो आणि तीच ओळ अपवादाच्या कलमात जाऊन बसते. प्रत्यक्षात टीव्ही छपरातून आलेल्या पाण्याने गेला असेल, तर अहवालात पाण्याच्या खुणा, गंजलेले जोड आणि भिजलेला बोर्ड यांचा उल्लेख यायला हवा. खोटे लिहून घेणे हा गुन्हा आहे. खरे कारण पूर्ण लिहून घेणे हा विमाधारकाचा हक्क आहे. नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार दावा कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमला जायला हवा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायला हवा आणि अहवाल मिळाल्यावर ७ दिवसांत कंपनीने निर्णय कळवायला हवा.

विमा लागू होत नाही तिथे वीज कंपनीची जबाबदारी तपासावी. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ५७ नुसार राज्य वीज नियामक आयोग वितरण कंपन्यांच्या सेवेचे मानक ठरवतो आणि ते मोडल्यास ग्राहकाला भरपाई देण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रात आयोगाची यासंबंधीची विनियमावली २०२१ मध्ये नव्याने आली. याशिवाय २०२० च्या ग्राहक हक्क नियमांनी सेवेतल्या ठरावीक कसुरींसाठी आपोआप भरपाई देण्याची संकल्पना आणली. तक्रार प्रथम कंपनीकडे, मग ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि त्यानंतर विद्युत लोकपालाकडे नेता येते. न्यूट्रल सैल असल्याची तक्रार आधी देऊनही दुरुस्ती झाली नाही आणि मग आळीतली उपकरणे जळाली, अशा प्रकरणात जुनी तक्रार हाच सर्वांत भक्कम कागद ठरतो. अशा वेळी घरोघरी स्वतंत्र भांडण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून एकाच तारखेचा अर्ज देणे परिणामकारक होते, कारण एकाच वेळी दहा घरांत उपकरणे जळणे हा योगायोग नाही, हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही.

विमा कंपनीने दावा नाकारला तर नाकारण्याचे कारण आणि कलम लेखी मागावे. कंपनीच्या तक्रार विभागाने नकार दिला किंवा महिनाभरात उत्तर दिले नाही, तर विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत जाता येते. मुंबई आणि पुणे या दोन्ही ठिकाणी लोकपालाची कार्यालये आहेत, शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाख रुपयांपर्यंतच्या भरपाईचा निवाडा तिथे होऊ शकतो. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ मध्ये ‘सेवा’ या व्याख्येत विमा आणि वीजपुरवठा दोन्हींची नावे आहेत. त्यामुळे जिल्हा ग्राहक आयोगाचा दरवाजा विमा कंपनीविरुद्धही उघडा आहे आणि वीज कंपनीविरुद्धही.